वॉर रोबोट्स : टीम डेथमॅच जिंकायचं साधं गणित

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित अवतार. बोलतानाची वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत. आकडेमोड तेवढी वाचायला सोपी जावी म्हणून नीट मांडली आहे.)



गेल्या भागानंतर तुमचे जे मेसेज आले, त्यात एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत होता. "दादा, पैसे न टाकता टीम डेथमॅच जिंकता येतं का?" एकाने तर सरळ लिहिलं, की मेसच्या पैशांतून एक रोबो घ्यायचा विचार चाललाय, घेऊ का? मित्रा, थांब जरा. आजचा भाग पूर्ण ऐक, मग ठरव.

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो आणि रात्री मित्रांबरोबर हा गेम खेळतो. त्यामुळे सवयीने प्रत्येक गोष्टीत आधी आकडे शोधतो. टीम डेथमॅचमध्ये तर गणित अगदी समोर पडलंय, आणि ते दहावीच्या पुढचं नाही.

आधी नियम

ज्यांनी गेम खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वॉर रोबोट्स हा पिक्सॉनिकचा मोबाइल गेम, २०१४ पासून चालू आहे. सहा विरुद्ध सहा. प्रत्येकाच्या हँगरमध्ये पाच रोबो, एक मेला की पुढचा उतरवायचा. मॅच दहा मिनिटांची.

बाकीच्या बऱ्याच मोडमध्ये बीकन पकडायचे असतात. तिथे एखादा हलका, पळणारा रोबो घेऊन धावत सुटलात तरी टीमच्या कामी येता. टीम डेथमॅचमध्ये ती भानगड नाही. समोरच्यांचे रोबो फोडा, आपले वाचवा. बस.

म्हणजे सहा गुणिले पाच, तीस रोबो आपले आणि तीस त्यांचे. तुमच्या हँगरमधले पाच रोबो हे टीमच्या बँकेतले पाच रुपये समजा. तुम्ही एक उधळला की समोरच्याच्या खात्यात एक जमा झाला. स्वतःचे पाचही तीन मिनिटांत घालवून बसलात, तर उरलेली सात मिनिटं तुमचे पाच भिडू सहांशी लढणार.

आता तुम्ही म्हणाल, सहाला पाच, एकाचाच तर फरक. तो एकाचा नसतो. तेच आज बघायचंय.

लँचेस्टर नावाचा इंजिनिअर

फ्रेडरिक लँचेस्टर हा ब्रिटिश इंजिनिअर. मोटारी बनवायचा, विमानांवर लिहायचा. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१६ साली त्याचं विमानांच्या लढाईवरचं पुस्तक आलं. त्यात त्याने एक नियम मांडला. लढणारे सगळे एकमेकांना दिसतायत आणि सगळे नेम धरून मारू शकतायत अशी लढाई असेल, तर सैन्याची ताकद संख्येच्या प्रमाणात वाढत नाही, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

का? कारण संख्या जास्त असली की दोन फायदे एकदम होतात. एक, तुमच्या बंदुका जास्त. दोन, समोरच्याच्या गोळ्या तुमच्या जास्त जणांत वाटल्या जातात, त्यामुळे तुमचा एकेक जण जास्त वेळ टिकतो. या दोन्हींचा गुणाकार होतो, म्हणून वर्ग.

आता सहा विरुद्ध पाच मांडा. सहाचा वर्ग ३६, पाचाचा २५. वजाबाकी ११. त्याचं वर्गमूळ साधारण ३.३. म्हणजे सारख्या ताकदीचे रोबो असतील आणि दोन्ही बाजू शेवटपर्यंत लढल्या, तर पाचवाले संपतात आणि सहावाल्यांचे तीन उरतात. फरक एकाचा होता, उरले तीन!

दुसरं उदाहरण. दोन्हीकडे सहाच, पण आपली टीम तीन डावीकडून आणि तीन उजवीकडून गेली, आणि समोरचे सहा एकत्र आहेत. आधी ते आपल्या डावीकडच्या तिघांना गाठतात, ३६ वजा ९, उरले २७. मग उजवीकडच्या तिघांना, २७ वजा ९, उरले १८. वर्गमूळ ४.२. आपले सहाच्या सहा गेले आणि त्यांचे चार उभे. हत्यारं तीच, लेव्हल तीच. फक्त आपण अर्धे अर्धे गेलो.

लँचेस्टरने याच संदर्भात १८०५ च्या ट्रॅफल्गरच्या लढाईची चर्चा केली आहे. तिथे नेल्सनकडे २७ मोठी युद्धनौका-जहाजं होती, समोर फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून ३३. नेल्सनने समोरची लांब रांग मधेच कापली, म्हणजे पुढची जहाजं वळून मदतीला येईपर्यंत बाकीच्यांशी हिशेब मिटवता येईल. ब्रिटिशांचं एकही जहाज गेलं नाही. एकूण संख्या कमी होती, पण जिथे लढाई चालू होती तिथे त्यांनी आपली संख्या जास्त ठेवली. आपल्याला हेच करायचंय.

दोघांनी एकालाच मारा

समजा दोन विरुद्ध दोन आहे. प्रत्येकाची तब्येत १००, प्रत्येकाचा मारा सेकंदाला १०. सगळ्यांनी आपापला एकेक पकडला, तर दहा सेकंदांनी चौघेही एकदम मरतात. बरोबरी.

आता आपण दोघांनी मिळून एकच पकडला आणि ते मात्र एकेक वाटून घेतायत. पाचव्या सेकंदाला त्यांचा पहिला गेला. आता त्यांच्याकडून निम्माच मारा येतोय. दहाव्या सेकंदाला दुसरा गेला. आपल्यातला एक फार तर त्याच क्षणाला गेला असेल, पण दुसरा अर्ध्या तब्येतीवर उभा आहे. आपण एकही जास्तीची गोळी मारली नाही हां. तेवढ्याच गोळ्या, फक्त पत्ता बदलला.

यामागची गोष्ट लक्षात ठेवा. या गेममध्ये दहा टक्के तब्येत उरलेला रोबोही शंभर टक्के जोराने मारतो. चार जणांना अर्धं अर्धं जखमी करून काहीच उपयोग नाही, चारही बंदुका चालूच राहतात. एक पूर्ण मेला की एक बंदूक बंद.

म्हणून नियम सोपा: टीममेट ज्याला मारतोय त्यालाच मारा. गेम आपोआप जे टार्गेट पकडून देतो ते बऱ्याचदा आपल्या सोयीचं नसतं. टार्गेट बदलायचं बटण आहे, त्यावर अंगठा बसू द्या. कुणाच्या डोक्यावरची पट्टी संपत आलीये ते बघा, आणि आधी त्याचा निकाल लावा. किल टीममेटच्या नावावर गेला तर जाऊ दे. तीसमधला एक कमी झाला ना?

मित्रांबरोबर कॉलवर खेळत असाल तर लांबलचक बोलू नका. आमच्या ग्रुपमध्ये तीनच गोष्टी बोलायच्या असं ठरलंय: कोण, कुठे, आणि "मागे". "गॅलहॅड, पुलाखाली." "मागे, मागे!" बाकी शिव्या आणि गॉसिप मॅच संपल्यावर.

एकेक करून जाऊ नका

टीम डेथमॅच सगळ्यात जास्त कशामुळे हरली जाते? माझ्या मते, मेल्यानंतरच्या घाईमुळे.

रोबो मेला, राग आला, लगेच दुसरा उतरवला आणि तडक त्याच जागी पळालो. तिथे काय आहे? ज्यांनी आत्ताच मारलं ते सगळे. आपले बाकीचे एव्हाना दुसरीकडे सरकलेत. आपण एकटे.

त्याच आकड्यांनी बघू. समोर सहा एकत्र, तब्येत १०० आणि मारा १०. तुम्ही एकटे गेलात. सहांचा मारा सेकंदाला ६०, म्हणजे तुम्ही दोन सेकंदही टिकत नाही. तेवढ्यात तुमच्याकडून जेमतेम १७ चं नुकसान झालं. असे आपले सहा जण एकामागून एक गेले तर एकूण नुकसान साधारण १००. त्यांच्या ६०० मधले फक्त १००! आपले सहा गेले, त्यांचा कदाचित एक. तेच सहा एकदम गेले असते तर सामना बरोबरीचा होता.

कबड्डी आठवा. चढाई करणारा एकटाच जातो, पण त्याचं अर्धं लक्ष मध्यरेषेवर असतं. परत येता येणार असेल तेवढंच तो आत शिरतो. आपण मात्र मध्यरेषा विसरून थेट लॉबीत जाऊन बसतो.

तेव्हा नवीन रोबो उतरल्यावर पहिले काही सेकंद गोळी मारायचीच नाही असं ठरवा. आधी मॅप बघा. आपले ठिपके कुठे आहेत? त्यांच्याकडे जा. दोघे-तिघे झालात की मग पुढे. हे दहा-पंधरा सेकंद वाया गेल्यासारखे वाटतात. वाया जात नाहीत, तुमचा अख्खा रोबो वाचतो.

एकत्र म्हणजे चिकटून नाही

आता काहीजण हे ऐकून एकाच भिंतीमागे सहा जण उभे राहतील. लोकल ट्रेनसारखे. तसं नको. लँचेस्टरचा वर्गाचा नियम नेम धरून मारण्यासाठी आहे. रॉकेटचा स्फोट आजूबाजूच्यांनाही लागतो, तिथे गर्दी उलटी महागात पडते. शिवाय भिंतीमागून एकाच वेळी एक-दोघेच डोकावू शकतात, बाकीच्यांच्या बंदुका भिंतीला.

एकत्र याचा अर्थ: सगळ्यांच्या बंदुका एकाच टार्गेटपर्यंत पोचतात. उभे वेगवेगळ्या कोपऱ्यांवर रहा, दोन-तीन रोबोंच्या अंतराने.

इथे रेंज महत्त्वाची. पिनाटा आणि ऑर्कानची रेंज ३०० मीटर, मॅग्नमची ३५०, पनिशरची ५००, ट्रेबुशेची तब्बल ११००. आता टीममधले चार जण ३०० मीटरवाले आहेत, ते पुढे जाऊन भिडलेत, आणि तुम्ही एकटे ट्रेबुशे घेऊन मागच्या डोंगरावर. मार तुमच्यापर्यंत येतच नाहीये. म्हणजे समोरच्यांच्या सगळ्या गोळ्या त्या चौघांनाच. यामांताऊसारख्या उघड्या मॅपवर लांबून मारणं ठीक आहे, डेड सिटीसारख्या बिल्डिंगांच्या मॅपवर तोच रोबो भिंती मोजत बसतो.

आणखी एक बारीक गोष्ट. एकाच रोबोवर एक हत्यार ३०० चं आणि दुसरं ११०० चं लावू नका. लांब उभे रहाल तेव्हा अर्धी हत्यारं निकामी असतात. म्हणजे तुमचं तुमच्यातच सहा विरुद्ध तीन झालं.

ढाल ओळखा

गोळ्या मोजून काय उपयोग, त्या लागतच नसतील तर? समोर निळसर गोळ्यासारखी एनर्जी ढाल दिसली, अन्साइलसारखी, तर बंदूक आणि रॉकेट तिच्यावर फुकट जातात. प्लाझ्मा, म्हणजे मॅग्नम आणि टारानसारखी हत्यारं, आरपार जातात. गॅलहॅडच्या हातातली पत्र्यासारखी ढाल असेल तर उलटं: तिथे प्लाझ्मा अडतो, पण रॉकेटच्या स्फोटाची झळ मागे पोचते.

म्हणून हँगरमधल्या पाचही रोबोंवर एकाच जातीचं हत्यार नको. आणि चुकीची ढाल समोर आली तर हट्टाने मारत बसू नका. टार्गेट बदला, किंवा बाजूने जा.

रिकामं व्हायचं भानही ठेवा. पिनाटासारखं हत्यार सगळी रॉकेटं एकदम सोडतं, मग भरायला वेळ घेतं. त्या वेळात तुम्ही म्हणजे फक्त चालतं टार्गेट. मारा, आडोशाला या, भरा, पुन्हा बाहेर. कुठल्याही कोपऱ्यावर जाण्याआधी "इथून परत कसा येणार?" हे ठरलेलं पाहिजे.

आपण कमी असलो तर?

होतं असं. कोणीतरी मॅच सोडून गेला, कोणाचे रोबो संपले, आपण चार आणि ते सहा. १६ विरुद्ध ३६. उघड्यावर लढलात तर संपलात.

पण वर्गाचा नियम चालायला त्यांच्या सगळ्यांना तुम्ही दिसायला हवं. ते होऊच द्यायचं नाही. आपल्याला हे शाळेपासून माहीत आहे. १६६० मध्ये बाजीप्रभूंनी मूठभर मावळ्यांनिशी लढायला घोडखिंड का निवडली? कारण खिंडीत मागे कितीही फौज असली तरी पुढे एका वेळी लढू शकतात थोडेच. संख्या तीच, पण तिचा गुणाकार बंद.

तर कमी असाल तेव्हा मोकळं मैदान सोडा. अरुंद गल्ली धरा, दोन बिल्डिंगांमधली फट, कमानीखालची जागा. तिथे तुमचे तीन आणि त्यांचा पुढे आलेला एक, असा सामना लावता येतो. किलमध्ये आपण पुढे असू तर आणखी सोपं: घड्याळ आपल्या बाजूने आहे. वेळ संपली की ज्यांनी जास्त फोडले ते जिंकतात. पाठलाग करून वीरमरण पत्करायचं काहीच कारण नाही.

आता पैशांचा प्रश्न

खोटं बोलत नाही. महागडा, वाढवलेला रोबो खरंच जड जातो. फुकट मिळणाऱ्या गेमला कुठूनतरी कमवायचं असतं, दुकान असणारच. एकास एक लढलात तर तो तुम्हाला मारेल.

समजा त्याची तब्येत तुमच्या दुप्पट, २००, आणि माराही दुप्पट, २०. तुमच्यासारखे तिघे त्याच्याकडे एकेक करून गेले. प्रत्येक जण पाच सेकंदांत मेला आणि मरता मरता त्याचे ५० कमी करून गेला. तिघे मिळून १५०. तिघेही गेले, तो ५० वर जिवंत. आणि तिघेही चॅटमध्ये लिहिणार, पैसेवाल्यांचा गेम आहे.

आता तेच तिघे एकदम गेले. पहिल्या पाच सेकंदांत त्याने एकाला मारलं, पण तोवर त्याचे १५० गेले. उरलेल्या ५० साठी उरलेल्या दोघांना अडीच सेकंद पुरतात. तो मेला. तुमचा एक गेला, एक अर्धा, एक तर पूर्ण शाबूत.

तोच रोबो, तेच तिघे. एकीकडे शून्याला तीन, दुसरीकडे एकाला एक. हा फरक कुठल्याही दुकानात मिळत नाही.

फरक दुपटीपेक्षा फारच जास्त असेल तर त्याच्या वाटेला जाऊच नका, बाकीच्या पाचांना धरा. पण ज्याने मेसच्या पैशांबद्दल विचारलं होतं त्याला माझं उत्तर: नको. नवा रोबो घेऊनसुद्धा तू एकटाच पुढे पळणार असशील तर महाग रोबो मरेल, एवढाच फरक. आधी महिनाभर असं खेळून बघ. त्यानंतरही घ्यावासा वाटला, तर स्वतःच्या कमाईतून, आणि महिन्याची एक रक्कम आधी ठरवून. जेवणाच्या पैशांतून कधीच नाही.

फोनकडेही बघा

फोन तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. फ्रेम अडकायला लागतात, अंगठा फिरवला आणि रोबो अर्ध्या सेकंदाने वळला असं होतं. म्हणून ग्राफिक्सची क्वालिटी एक पायरी खाली आणा, दिसायला थोडं साधं दिसेल पण सलग चालेल. चार्जिंगला लावून खेळू नका. जाड कव्हर काढून ठेवा. आणि घरात वायफाय लांब असेल तर राउटरच्या जवळ बसा. नेट अडकलं की तुम्हाला शत्रू जिथे दिसतो तिथे तो नसतोच.

या आठवड्याचा गृहपाठ

फोनमध्ये स्क्रीन रेकॉर्डर असतोच. तीन मॅच रेकॉर्ड करा. आपले किल बघायचे नाहीत, ते सगळ्यांनाच आवडतं. फक्त आपण जिथे जिथे मेलो ती जागा बघा आणि प्रत्येक वेळी दोन आकडे लिहा: त्या क्षणी मला किती जण मारत होते, आणि माझे किती जण त्यांना मारत होते.

कंपनीत सिस्टिम बंद पडली की आम्ही असंच बसतो. कोणाची चूक ते नाही शोधत, नेमकं काय घडलं ते लिहून काढतो. इथेही "टीमच भंगार होती" हे लिहायचं नाही. फक्त दोन आकडे.

तीन मॅचमध्ये दहा-बारा वेळा तरी मराल. त्यातल्या किती वेळा पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा होता ते मोजा. पुढच्या आठवड्यात ती संख्या दोनाने कमी करायची, एवढंच ध्येय. नेम, लेव्हल, रोबो यातलं काहीही बदलायचं नाही.

आकडे मला मेसेज करा. पुढच्या भागात त्यावरच बोलू, कोणत्या मॅपवर आपण सगळे कुठे एकटे सापडतो ते. तोवर खेळा, पण उद्या सकाळी लेक्चर किंवा ऑफिस असेल तर बारापर्यंत फोन ठेवा. चला, भेटू!